परत केलेली नोटीस

चि. इरा आणि चि. निनाद,

ज्या सकाळी आम्ही अनगोळच्या शिवारातलं घर सोडलं, त्या सकाळी मी एकतीस खोक्यांवर नंबर घातले होते. कुठल्या नंबराच्या खोक्यात काय आहे, याची यादी एका वहीत लिहिली होती. टेम्पोवाल्यानं वहीकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "आक्का, पुण्याला निघालासा काय?"

"नाही. कॅम्पात."

"कॅम्पात? मग ह्ये नंबर कशाला? हितनं हाक मारली तर तिथं ऐकू येतंय की!"

आमच्या शिवारापासून शहरातल्या लष्करी कॅम्पापर्यंत अंतर सहा किलोमीटर होतं. तुम्ही डब्लिनला आणि टोरांटोला गेलात तेव्हा विमानतळावर सगळे रडलो. आम्ही सहा किलोमीटर गेलो तेव्हा कुणी रडलं नाही. निरोप द्यायलाही कुणी नव्हतं. रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस तेवढा बांधावर उभा राहून घड्याळ पाहत होता. तुमचे अण्णा आजोबा सर्वांत शेवटी बाहेर आले. सवयीनं त्यांनी दाराला कडी घातली. मग थोडा वेळ तिथंच थांबले आणि ती परत काढली. "त्यांना कशाला त्रास," म्हणाले. दार दुपारी पाडायचंच होतं.

इरा, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, "आजी, जमीन गेली, पण पैसे मिळाले ना? मग चांगलंच झालं की. या वयात शेती कोण करणार होतं?" मी हसून विषय बदलला. असल्या प्रश्नाला फोनवर उत्तर देता येत नाही. ते नीट, क्रमानं लिहावं लागतं. म्हणून हे पत्र. तुमच्या बाबांना यातलं थोडं ठाऊक आहे. सगळं कुणालाच ठाऊक नाही.

मी मूळची शहरातली. आमच्या माहेरी सगळे शिक्षक आणि वकील. मी इंग्रजी घेऊन शिकले, कॅम्पातल्या शाळेत शिकवायला लागले आणि लग्न करून अनगोळच्या शेतकऱ्याच्या घरात आले. अण्णांची नोकरी शहरात, जीव शेतात. तीन खोल्यांचं कौलारू घर आम्ही दोघांनी हप्त्याहप्त्यानं, शेताच्या कडेला बांधलं. जमीन काळी, विहिरीला बारमाही पाणी. पावसाळ्यात बासमती भात, ते निघालं की मसूर आणि वाटाणा. भात फुलोऱ्यात आलं की त्याचा वास खिडकीतून थेट ताटावर यायचा, आणि तुमचे बाबा लहानपणी म्हणायचे, "आज भात शिजायच्या आधीच जेवलो." मी शाळेत सायकलनं जायचे आणि परतताना बांधावर उतरून चिखल तुडवत घरी यायचे. पदराला खडू आणि पायाला चिखल, अशी माझी तीस वर्षं गेली.

आता आमच्या घरातला एक नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावर अडलं.

सरकारचा कागद मराठीत असेल तर घ्यायचा. नुसता कन्नडमध्ये असेल तर "मराठी प्रत द्यावी" असं लिहून परत करायचा. हा नियम माझ्या सासऱ्यांनी घातलेला. हा मराठी मुलूख कन्नड राज्यात घातला म्हणून झालेल्या सीमालढ्यात ते तुरुंगात जाऊन आले होते आणि तेव्हापासून आमच्या घराचा उंबरा एकाही नुसत्या कन्नड कागदानं ओलांडला नव्हता. आम्हाला कन्नड येत नव्हतं असं मुळीच नाही. अण्णा बाजारात कन्नडमध्ये घासाघीस करायचे, जनावरांच्या डॉक्टरशी कन्नडमध्ये गप्पा मारायचे आणि फार संतापले तर शिव्याही कन्नडमध्येच द्यायचे. त्यांच्या मते त्यात जोर जास्त आहे. शेजाऱ्यांशी आमचं भांडण नव्हतं. प्रश्न हक्काचा होता. जिथं आपली माणसं एवढी आहेत तिथं कागद आपल्या भाषेतही मिळायला हवा, असं सरकारचा नियमही सांगतो. लाइट बिल मात्र कुठल्याही भाषेत आलं तरी आम्ही मुकाट्यानं भरत होतो. तत्त्वापायी पंप बंद पडलेला कुणालाच परवडत नव्हता.

शहराबाहेरून नवा रस्ता जाणार, असं बरीच वर्षं नुसतं ऐकत होतो. मग मोजणी झाली. मोजणीदार दुपारी आमच्या विहिरीचं पाणी काढून प्यायले. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "एवढं गोड पाणी शहरात कुठं मिळतंय!" आणि त्यांनी भरलेल्या तक्त्यात, विहीर या रकान्यापुढं लिहिलं, 'नाही'. कारण उताऱ्यावर विहीर नव्हती. विहीर नोंदवली की सारा वाढतो, असं सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती कधी नोंदवलीच नव्हती. उताऱ्यावर आमची जमीन कोरडवाहू होती. त्या वेळी आम्हाला त्याची चिंता वाटली नाही. विहीर काय लपवता येते? डोळ्यांना दिसतेच की.

त्यानंतर तलाठी नोटीस घेऊन आले. माणूस धारवाडकडचा, मराठी मोडकं, पण मनानं भला. आमच्या ओसरीवर चहा पिऊन त्यांनी तीन पानं पुढं केली. अण्णांनी वरचं पान पाहिलं आणि परत दिलं.

"मराठीत आणा. ह्या घटकेला सही करतो."

"अण्णा, ह्याला परत करू नका हो," तलाठी म्हणाले. "सही करा, घ्या. मागनं भांडा. पाहिजे तर मी पण येतो तुमच्याबरोबर भांडायला."

"तुम्ही कशाला? तुम्ही मराठी प्रत आणा, भांडणच मिटलं."

"मी कुठनं आणू? वरनं आलंय."

"मग वरच न्या."

मी हसले. ते हसू मला अजून आठवतं.

पण मी ती पानं हातात घेतली आणि वाचली. मला कन्नड वाचायला वेळ लागतो, पण समजतं. जमिनीचा प्रकार कोणता, पिकं कोणती, विहीर, झाडं, घर काय आहे, भरपाई किती मागता, हे सगळं ठरलेल्या मुदतीत लेखी द्या, असं त्यात होतं. मुदतीत काही दिलं नाही तर आमच्या नोंदींप्रमाणे निर्णय करू, असंही होतं. मला ते सगळं समजलं. मुलांनो, हे वाक्य मी मुद्दाम स्वतंत्र लिहिते आहे. मला ते सगळं समजलं.

आणि समजून मी काय केलं? मराठी प्रत मागणारं एक पत्र लिहिलं. इंग्रजीत. का, तर वरच्या साहेबांना मराठी येत नसणार, आणि माझ्या इंग्रजी पत्राला आजवर प्रत्येक ऑफिसनं उत्तर दिलं होतं. इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं की पत्राच्या सुरुवातीला संदर्भ आणि विषय नीट लिहावा, म्हणजे वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. मी तसंच लिहिलं. नोटिशीचा क्रमांक, तारीख, सर्व्हे नंबर आणि 'जमीनमालकांनी भरपाईबाबतच्या मागण्या मुदतीत सादर करण्याविषयी' असा विषय. खाली अण्णांची सही आणि माझी, कारण जमीन दोघांच्या नावावर होती.

तलाठ्यांनी ते पाहून कपाळाला हात लावला. "बाई, मराठी पाहिजे म्हणून इंग्लिशमध्ये अर्ज? मी कन्नडमाणूस मध्ये उभा. हे कुठं नेऊन देऊ आता?" पण नेलं बिचाऱ्यांनी.

आमच्या बांधाला लागून तानाक्काचं शेत होतं, त्यात तिची विहीर होती. माझ्याच वयाची, लवकर विधवा झालेली. एकटीनं शेत केलं, लेकीला शिकवलं, खानापूरकडं दिली. स्वतःला अक्षर येत नव्हतं. त्याच संध्याकाळी ती तिची नोटीस घेऊन आली.

"बाई, तुमी लिवलासा तसंच माजं बी लिवून द्या. अण्णा परत करत्यात तर मी कशाला घेऊ? मी काय सरकारची मिंधी हाय?"

मी नाव आणि सर्व्हे नंबर बदलून तेच पत्र पुन्हा टाइप केलं. अंगठा कुठं लावायचा, एवढंच तिनं विचारलं. कागदात काय आहे ते तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं मला वाटलं. जिला एकही भाषा वाचता येत नाही तिनं, भाषेच्या मुद्द्यावर, तिला न कळणाऱ्या तिसऱ्याच भाषेत, सरकारचा कागद परत केला. त्या दिवशी हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. आम्ही तिघांनी मिळून चहा घेतला.

मराठी प्रत आली नाही. आला तो थेट भरपाईचा निवाडा. त्यात आमची जमीन कोरडवाहू होती. भात नव्हतं, मसूर नव्हती, विहीर नव्हती. घराची कौलं जुनी म्हणून त्यांची किंमत कापली होती. ज्या कायद्याखाली जमीन घेतली त्याच्या नावातच 'योग्य भरपाई' हे शब्द आहेत. मी तो कायदा इंग्रजीत दोनदा वाचला. लिहिलाय छान. जमीन घेऊ नका, असं आम्ही कधीच म्हटलं नव्हतं. रस्ता लोकांना लागतो, हे मलाही कळतं. जे आहे ते आहे म्हणा, एवढंच आमचं म्हणणं होतं. पण ते म्हणायची मुदत होती, आणि त्या मुदतीत आम्ही भाषेवर बोलत बसलो.

मिळालेल्या रकमेत त्या भागात अर्धीसुद्धा जमीन आली नसती. रस्ता येणार म्हटल्यावर आजूबाजूच्या जमिनींच्या किमतींना पंख फुटले होते. म्हणून आम्ही कॅम्पाच्या कडेला दुसऱ्या मजल्यावर हा फ्लॅट घेतला. कॅम्प अण्णांनीच निवडला. मला वाटलं, माझी जुनी शाळा जवळ म्हणून. तर म्हणाले, "तिथं आपलं ओळखीचं कोण न्हाय. कोण विचारणार न्हाय."

दावा मात्र लावला. आमचा आणि तानाक्काचा, एकाच वकिलांकडून. वकील तरुण, हुशार. म्हणाले, "काकू, एकच वाक्य बोलायचं. नोटीस मिळाली नाही. पोच म्हणून तुमची सही कुठंच नाही. मुदत आपोआप माफ होते. पुढचं मी बघतो. पंपाची लाइट बिलं आहेतच, विहीर सिद्ध होते."

"पण आमचं पत्र आहे ना त्यांच्याकडे."

"ती फाइल सापडेलच असं नाही, काकू. कचेरीत फायली सापडत नाहीत, हाच आपल्यासारख्यांना आधार."

ती फाइल सापडली. सगळ्या जिल्ह्यात त्या दिवशी तेवढी एकच सापडली असेल.

साक्ष मी द्यायची ठरली होती, कारण अण्णांना राग आवरणार नाही, अशी वकिलांना खात्री होती. सरकारी वकील सभ्य होते. माझ्याशी इंग्रजीत बोलले, खुर्ची दिली. मग माझं पत्र वर धरलं आणि विचारलं, "मॅडम, ही सही आपली?"

"हो."

"नोटिशीचा विषय आपण फार अचूक लिहिला आहे. नोटीस न वाचता हे कसं जमलं?"

आमच्या वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी सांगितलं, आठवत नाही, वय झालं, अशी तीन-चार उत्तरं त्यांनी मला आधी सुचवली होती. मी काही बोलायच्या आत सरकारी वकिलांनी दुसरा कागद वर धरला. तानाक्काचा. "आणि या बाईंचं पत्रही शब्दशः तेच आहे. म्हणजे यांनाही नोटीस पूर्ण समजली होती, असंच ना?"

मागच्या बाकावर अण्णा आणि तानाक्का शेजारी शेजारी बसले होते. मला दोन गोष्टी एकदम दिसल्या. मी नोटीस मिळालीच नाही म्हटलं, तर माझंच पत्र मला खोटं ठरवणार होतं, आणि माझ्याबरोबर तेच पत्र देणारी तानाक्काही खोटी ठरणार होती. तिला वाचवायचं तर तिचं पत्र माझं आहे, हे सांगावं लागणार होतं. आणि ते सांगायचं तर मी नोटीस वाचली होती, हे आधी कबूल करावं लागणार होतं.

मी म्हटलं, नोटीस मी पूर्ण वाचली होती. मला ती समजली होती. मुदतही समजली होती. दुसरं पत्रही मीच लिहिलं. त्या बाईंना लिहिता-वाचता येत नाही. नोटिशीत काय आहे आणि पत्रात काय आहे, यातलं त्यांना काहीही कळत नव्हतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही. न्यायाधीशांनी ते शब्द सावकाश लिहून घेतले. दुभाष्यानं कन्नडमध्ये सांगितले. मागं बसलेल्या तानाक्कालाही कन्नड समजतं.

आमचा दावा मुदतीबाहेर म्हणून फेटाळला. तानाक्काचा मान्य झाला. तिची जमीन बागायती धरली, विहीर धरली, वाढीव भरपाई मिळाली. निकालात एक वाक्य आहे, की ही निरक्षर स्त्री सुशिक्षित शेजाऱ्यांच्या चुकीच्या सल्ल्यामुळे आपल्या हक्काला मुकली होती. वाक्य व्यवस्थित आहे. मी ते तपासायला म्हणून पुष्कळदा वाचलं आहे. त्यात एकही चूक नाही.

वकील म्हणाले, वरच्या कोर्टात जाऊ. अण्णा म्हणाले, "पुरे." कोर्टातून येताना रिक्षात ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन त्यांनी नेहमीप्रमाणे हात-पाय धुतले, आणि तेव्हापासून विहिरीचं नाव एकदाही काढलेलं नाही.

तानाक्का मला त्यानंतर खासबागच्या बाजारात भेटली. वाटाण्याच्या शेंगा निवडत होती. मीच पुढं झाले.

"तानाक्का, कशी आहेस गं?"

"बरी हाय की. शाण्या मानसांनी बरं केल्यावर बरीच असणार."

"अशी का बोलतेस?"

तिनं शेंगा खाली ठेवल्या. "पैसं मिळालं, मी न्हाय म्हणत न्हाय. खरं चारचौघांत, जज्जाम्होरं, हिला काय कळत न्हाय म्हटलासा. तीस वर्सं बांधाला बांध लावून ऱ्हायलो. रोप कदी टाकायचं, पानी कदी सोडायचं, मलाच इचारत हुतासा की. तवा कळत हुतं व्हय मला?"

"तसं म्हटलं नसतं तर तुझंही गेलं असतं."

"जाईना का. तुमचं गेलंच की."

मग थोडी नरमली. म्हणाली, लेकीच्या गावाजवळ तुकडा घेतलाय, औंदा भात लावणार. "येतो बाई," म्हणाली आणि पिशवी उचलून गेली. घरी या, असं म्हणाली नाही. मी तिच्या शेताचा पत्ता विचारला नाही.

तर इरा, पैसे मिळाले. फ्लॅट चांगला आहे. लिफ्ट आहे, पाणी नळाला येतं, सकाळी लष्कराचं बिगुल ऐकू येतं. खाली औषधाचं दुकान आहे. अपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन भाषांत सुप्रभात येतं आणि मेंटेनन्सची आठवण फक्त इंग्रजीत येते. बासमती आम्ही आता पाकिटातला आणतो. त्याच्यावर वास लिहिलेला असतो.

रस्ताही झाला. छान झाला आहे, उंच भरावावरून जातो. आमचे नऊ गुंठे भरावाच्या पलीकडे राहिले, तिकोनी. तेवढे घ्यायला सरकारला नको होते आणि तिथं जायला आम्हाला वाट नाही. उताऱ्यावर अजून आमचं नाव आहे. कायद्यानं आम्ही अजून शेतकरी आहोत. पुढच्या वेळी याल तेव्हा टॅक्सी त्या रस्त्यानं घ्यायला सांगू नका. अण्णा बरोबर असले की तो टाळून आडवाटेनं जायला लावतात आणि भाडं जास्त होतं.

निनाद, तू एकदा विचारलं होतंस की आता तुम्ही घर कशाला म्हणता, तिथल्याला की इथल्याला. तू स्वतः तीन शहरं बदललीस, म्हणून विचारलं असशील. मी बरेच दिवस विचार करत होते. तिथं आम्ही चुकलो, हे मला मान्य आहे. तलाठी बरोबर बोलत होते. कागद घ्यावा आणि मग भांडावं. तरीही मराठी प्रत आम्हाला मिळायला हवी होती, हे मी आजही कुठल्याही कोर्टात सांगेन. बरोबर असूनही माणूस सगळं घालवू शकतो, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तुम्हाला लवकर कळावं.

गेल्या आठवड्यात वॉचमन वर आला. कुठल्याशा ऑफिसचा कागद होता, चार पानी, नुसता कन्नडमध्ये. प्रत्येक फ्लॅटची सही हवी होती. अण्णांनी दारातच उभं राहून, चष्मा न लावता, वॉचमनच्याच पेननं सही केली.

मी आतून आले. "काय होतं?"

"कुणास ठाऊक."

"न वाचता सही केलीत? मराठी प्रत मागितली नाहीत?"

अण्णांनी पेन परत दिलं. वॉचमन लिफ्टकडे गेला तसे माझ्याकडे वळून म्हणाले, "कशाला? हितं आपलं काय हाय, घालवायला?"

तुमची,
आजी